वीज ज्याने त्याने आणावी
घरी जुळवलेल्या पहिल्या संगणकांच्या पॉवर सप्लायची कथा

१९७६ साली कॅलिफोर्नियात ज्यांनी ६६६ डॉलर ६६ सेंट मोजून 'ॲपल-१' विकत घेतला, त्यांच्या हाती एक हिरवा बोर्ड पडला. त्यावर चिपा बसवलेल्या होत्या, त्या टाचलेल्या होत्या, बोर्ड तपासलेलाही होता. कीबोर्ड नव्हता, पडदा नव्हता, पेटी नव्हती आणि वीज कुठून घ्यायची याचीही सोय नव्हती. सोबतच्या छोट्या पुस्तिकेत सांगितले होते, की दोन ट्रान्सफॉर्मर आणावेत. पहिला ८ ते १० व्होल्ट, ३ अँपियरचा. दुसरा २८ व्होल्टच्या आसपासचा, १ अँपियरचा आणि मधोमध तार काढलेला. स्टॅन्कॉर आणि ट्रायड या दोन कंपन्यांचे क्रमांक नमुन्यादाखल दिलेले होते. बाकी खरेदी ज्याची त्याने करायची.

स्टीव्ह जॉब्ज आणि स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक यांच्याविषयी कपाटभर पुस्तके आहेत. त्यांत गॅरेज येते, सफरचंद येते, गणकयंत्र आणि मोटार विकून उभे केलेले भांडवल येते. हे दोन ट्रान्सफॉर्मर मात्र बहुधा अर्ध्या वाक्यात उरकतात. मला हे अर्धे वाक्य बरीच वर्षे खुपत आले आहे. कारण ज्याने कधी स्वतःच्या हाताने संगणक जुळवला आहे त्याला ठाऊक असते, की पहिली चूक तिथेच होते. प्रोसेसर कोणता घ्यावा यावर माणूस महिनाभर वाद घालतो आणि त्याला वीज पुरवणारा डबा दुकानदार देईल तो घेतो. ही सवय आजची नाही. तिला पन्नास वर्षांचा इतिहास आहे.

तो इतिहास ॲपलच्या आधी, १९७५ च्या जानेवारीत सुरू होतो. 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकी मासिकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर ८८००' चे चित्र आले. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की गावच्या एमआयटीएस कंपनीचा एड रॉबर्ट्स हा त्याचा कर्ता. चारशे डॉलरच्या आत सुट्या भागांचा संच मिळत होता आणि हातात सोल्डरिंगची इस्त्री असेल त्या कोणालाही संगणकाचा मालक होता येत होते. अल्टेअरला पॉवर सप्लाय होता. तो पेटीतच होता आणि तोही गिऱ्हाइकानेच जुळवायचा होता. म्हणजे निवड कंपनीने केलेली, मेहनत आपली.

ही निवड फसली. त्यात रॉबर्ट्सचा सगळाच दोष होता असे मला वाटत नाही. यंत्र ज्या अवस्थेत विकले जात होते, त्या अवस्थेला तो सप्लाय पुरेसा होता. पण २५६ बाइटच्या मेमरीवर कोण समाधानी राहणार? लोकांनी कार्डे वाढवायला सुरुवात केली. एमआयटीएसची स्वतःची ४ के मेमरीची कार्डे बेभरवशाची निघाली, तेव्हा इतरांनी स्टॅटिक मेमरीची कार्डे बाजारात आणली. त्या काळच्या २१०२ या चिपमध्ये १०२४ बिट मावत. ४ के बाइटसाठी अशा ३२ चिपा लागतात. एक चिप तीसेक मिलिअँपियर खाते असे धरले, तर एकटे कार्ड एक अँपियरच्या घरात जाते. अशी चार-पाच कार्डे, प्रोसेसरचे कार्ड आणि समोरच्या पट्टीवरचे दिवे एकत्र केले, की मूळ सप्लाय धापा टाकू लागतो. यंत्र मध्येच भरकटायचे आणि मालक आपल्या प्रोग्रॅममधली चूक शोधत बसायचा. अल्टेअरच्या पाठोपाठ आलेल्या 'इम्साय ८०८०' ने याच दुखण्यावर बोट ठेवले आणि पेटीत दणकट, जडशीळ सप्लाय घातला. एमआयटीएसनेही पुढच्या '८८००बी' मध्ये आपला सप्लाय वाढवला. घरगुती संगणकाच्या बाजारातली ही पहिली स्पर्धा काही अंशी लोखंडाच्या वजनावर लढली गेली, असे म्हणायला हरकत नाही.

अल्टेअरची आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. त्याच्या शंभर टाचण्यांच्या मार्गावरून, म्हणजे पुढे 'एस-१००' नावाने रूढ झालेल्या बसवरून, कच्चे ८ व्होल्ट आणि अधिक-उणे १६ व्होल्ट धावत. चिपांना हवे असत नेमके ५ व्होल्ट. ते प्रत्येक कार्डाने आपल्या अंगावरच्या रेग्युलेटरने करून घ्यायचे. रेग्युलेटर हे काम कसे करतो? वरचे ३ व्होल्ट उष्णतेच्या रूपाने जाळून टाकतो. १ अँपियरच्या कार्डावर ३ वॉट असे निव्वळ जळतात. दहा कार्डे असली तर ३० वॉटची शेगडी पेटीत पेटलेलीच.

५ मार्च १९७५ रोजी मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंचच्या गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक झाली, ती या अल्टेअरच्याच निमित्ताने. वॉझ्निअ‍ॅक तिथे होता. इंटेलच्या ८०८० ला अधिक ५, उणे ५ आणि अधिक १२ असे तीन व्होल्टेज लागत. वॉझ्निअ‍ॅकने पुढे निवडलेल्या ६५०२ या २५ डॉलरच्या प्रोसेसरला फक्त ५ व्होल्ट पुरत. निवड झाली ती किमतीमुळे, हे खरेच. पण घरी बसून जुळवणाऱ्याला एका व्होल्टेजवर चालणारा प्रोसेसर म्हणजे किती मोठा दिलासा, हे चरित्रकारांच्या लक्षात येत नाही. मेमरी आणि पडद्याच्या भागासाठी मात्र ॲपल-१ लाही एकूण चार व्होल्टेज लागलेच : अधिक ५, अधिक १२, उणे ५, उणे १२. त्यांचे चार रेग्युलेटर बोर्डावर बसवलेले होते. ५ व्होल्टच्या रेग्युलेटरला उष्णता बाहेर टाकण्यासाठी धातूचे पंख लावलेले आणि शेजारी डब्यांसारखे मोठे निळे कपॅसिटर. थोडक्यात, वॉझ्निअ‍ॅकने सप्लायचा बारीक भाग स्वतः केला आणि जड, महाग, टपालाने पाठवायला गैरसोयीचा भाग गिऱ्हाइकावर सोपवला. माउंटन व्ह्यू येथील 'बाइट शॉप'च्या पॉल टेरेलने जुळवलेल्या पन्नास यंत्रांची मागणी नोंदवली होती. त्याच्या हाती बोर्डच आले. पेटी, कीबोर्ड आणि ट्रान्सफॉर्मर त्याच्या गिऱ्हाइकांना वेगळे शोधावे लागले.

ट्रान्सफॉर्मर जड का असतो हे इथे सांगितले पाहिजे, कारण पुढची सगळी कथा त्यावर उभी आहे. आपल्या विहिरींवर पूर्वी पाणी काढायच्या दोन तऱ्हा होत्या. मोट आणि रहाट. मोट एका खेपेत भरपूर पाणी आणते, पण खेपा थोड्या. म्हणून मोट मोठी, नाडा जाड, बैल तगडे. रहाटाच्या गाडग्यात पाणी ओंजळभरच मावते, पण गाडगी एकामागून एक येतच राहतात. दोन्हींचे पाणी दिवसाअखेर सारखेच पडू शकते. भिंतीतल्या प्लगातून येणारी वीज सेकंदाला ५० वेळा (अमेरिकेत ६० वेळा) हेलकावते. इतक्या थोड्या खेपांत हवी ती शक्ती वाहायची, तर ट्रान्सफॉर्मरची मोट मोठीच लागणार. पण तीच वीज आधी सरळ करून घेतली आणि ट्रान्झिस्टरने सेकंदाला हजारो वेळा तोडत-जोडत राहिले, तर प्रत्येक खेपेत वाहायचा वाटा चिमूटभर उरतो आणि ट्रान्सफॉर्मर मुठीत मावेल एवढा होतो. शिवाय वरचे व्होल्ट जाळावे लागत नाहीत. तोडण्याचा काळ कमी-जास्त केला की हवे ते व्होल्टेज मिळते. याला स्विचिंग सप्लाय म्हणतात. आपल्याकडे त्याला आद्याक्षरांनीच ओळखतात : एसएमपीएस.

१९७७ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअरमध्ये 'ॲपल-२' मांडला गेला, तेव्हा त्याच्या प्लास्टिकच्या पेटीत असा सप्लाय होता. तो रॉड हॉल्टने रचलेला. हॉल्ट अटारी कंपनीतून आलेला, सिगारेटी ओढणारा आणि मार्क्सवादी विचारांचा. भांडवलशाहीच्या सर्वांत गाजलेल्या कंपन्यांपैकी एकीच्या पायाभरणीत या गृहस्थांचा हात असावा, हा योग गमतीचाच. जॉब्जला पेटीत पंखा नको होता. पंख्याची घरघर त्याला सहन होत नसे. पंखा नको म्हटले, की जळणारे व्होल्ट परवडत नाहीत आणि स्विचिंगला पर्याय उरत नाही. हॉल्टचा सप्लाय ३८ वॉटच्या आसपासचा, हलका आणि सपाट डब्यात मावणारा होता. पुढे मालकांनी ॲपल-२ च्या आठही खाचा कार्डांनी भरल्या, पेटी तापू लागली आणि बाहेरून लावायचे पंखे स्वतंत्रपणे विकले जाऊ लागले, हा भाग वेगळा.

आता वादाचा मुद्दा. वॉल्टर आयझॅक्सनने लिहिलेल्या चरित्रात (२०११) जॉब्जचे म्हणणे असे येते, की आज प्रत्येक संगणकात स्विचिंग सप्लाय असतो आणि ती सगळी हॉल्टच्या रचनेची नक्कल आहे. इतिहासाने त्याला श्रेय दिले नाही. एखाद्या दुर्लक्षित माणसाला न्याय मिळतो आहे असे वाटून मीही हे वाक्य काही काळ आनंदाने इतरांना सांगत होतो. ते चूक आहे. केन शिरिफ या अमेरिकी अभियंत्याने २०१२ मध्ये या दाव्याची कसून तपासणी केली आणि त्याचे खंडन मला मान्य करावे लागले. १९६२ च्या टेलस्टार उपग्रहात स्विचिंग सप्लाय होता. ॲपल-२ च्या आधीच्या कित्येक मोठ्या संगणकांतही होता. रॉबर्ट बोशर्ट नावाचा अभियंता १९७० पासून स्वयंपाकघरातल्या टेबलावर असे सप्लाय बनवत होता आणि त्यातून त्याने मोठी कंपनी उभारली. बदल घडवला तो नव्या ट्रान्झिस्टरांनी. शेकडो व्होल्ट सोसून झपाट्याने चालू-बंद होणारे ट्रान्झिस्टर सत्तरीच्या दशकात स्वस्त झाले. त्याच दशकाच्या मध्यावर सिलिकॉन जनरल कंपनीच्या रॉबर्ट मॅमानोने हे तोडण्या-जोडण्याचे गणित एका चिपमध्ये बसवले. हॉल्टच्या रचनेत अशी चिप नव्हती. पुढच्या काळात घरोघरी पोहोचलेल्या पीसीच्या डब्यांत मात्र टीएल ४९४ सारखी चिप आणि दोन ट्रान्झिस्टरांची वेगळीच जोडणी असे. म्हणजे वंश दुसरा.

मग हॉल्टच्या पदरी काय उरते? माझ्या मते बरेच. बोशर्टचे सप्लाय घेणारे कारखानदार होते. दिवाणखान्यात टेबलावर ठेवायच्या आणि शाळकरी मुलाने झाकण उघडायच्या यंत्रात शेकडो व्होल्टचा स्विचिंग सप्लाय बंद डब्यात घालून द्यायचा, हा निर्णय हॉल्ट आणि जॉब्ज यांनी घेतला. तिथून पुढे 'ट्रान्सफॉर्मर तुमचा तुम्ही आणा' असे कोणी म्हणेनासे झाले. घरी जुळवणाऱ्याच्या हातून सप्लाय काढून घेतला गेला आणि त्याची जागा सील केलेल्या डब्याने घेतली. निवड करायची राहिली. फक्त आत काय आहे ते पाहायची सोय गेली.

आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी पीसी बाजारात आणला. त्याचा डबा ६३.५ वॉटचा होता. १९८३ च्या एक्सटीचा १३०, १९८४ च्या एटीचा १९२. आयबीएमने आपले तांत्रिक तपशील छापून खुले ठेवले होते, त्यामुळे बाहेरच्या कारखान्यांनी त्याच मापाचे डबे बनवले आणि सुटे भाग आणून पीसी जुळवण्याचा धंदा जगभर उभा राहिला. त्या एटी डब्याच्या दोन खोडी जुन्या मंडळींना आठवत असतील. मदरबोर्डला जाणारी जोडणी दोन सारख्या दिसणाऱ्या तुकड्यांत होती, पी-८ आणि पी-९. ते अदलाबदल होऊनही बसत आणि तसे बसले की बोर्ड जाण्याची भीती. म्हणून मंत्र होता : काळ्याशी काळी. दोन्ही तुकड्यांच्या काळ्या तारा मध्यभागी एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. दुसरी खोड म्हणजे पुढच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्टच्या चार तारा कॅबिनेटमधून फिरवलेल्या असत. झाकण उघडून हात घालणाऱ्याला त्यांनी कित्येकदा हिसका दाखवला आहे.

आपल्याकडे नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणानंतर आयात सैल होत गेली आणि नव्वदीच्या दशकात मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळूरचा एस. पी. रोड, पुण्याची तपकीर गल्ली ही 'असेंबल्ड' संगणकांची तीर्थक्षेत्रे झाली. पण इथे एक चमत्कारिक प्रथा रुळली. एसएमपीएस वेगळा विकत घ्यायची वस्तूच राहिली नाही. कोटेशनच्या कागदावर प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क यांच्यापुढे वेगवेगळ्या ओळी असत आणि शेवटी 'कॅबिनेट विथ एसएमपीएस' अशी एक ओळ. निवड कॅबिनेटच्या तोंडावळ्यावरून व्हायची.

मी माझा पहिला संगणक १९९८ साली जुळवला. पेंटियम एमएमएक्स, ३२ एमबी रॅम, एटी कॅबिनेट. काळ्याशी काळी लावली, दोनदा तपासली, प्लग लावून बटण दाबले. लक्ष्मी तोटा फुटावा तसा आवाज झाला आणि खोलीत जळक्या वासाचा धूर भरला. शेजारच्या आजी विचारायला आल्या, की दिवाळीला अजून दोन महिने आहेत ना? डब्याच्या मागे बोटभर लाल खटका असतो. त्यावर ११५ आणि २३० असे दोन आकडे असतात. तो ११५ वर होता. मी पाहिला नव्हता आणि दुकानातल्या कोणी सांगितला नव्हता. "साहेब, ते तुम्ही बघायला पाहिजे होतं," एवढेच उत्तर मिळाले.

त्या धुराने मला या विषयात ओढले. खटक्यामागचे गणित समजायला मला जवळजवळ वर्ष लागले, पण ते सोपे आहे. ११५ वर ठेवला, की आतले दोन मोठे कपॅसिटर लाटेच्या दोन अर्ध्या भागांत आळीपाळीने भरतात आणि त्यांची बेरीज होते. ११५ गुणिले १.४१ म्हणजे १६२, त्याची दुप्पट सुमारे ३२५ व्होल्ट. २३० वर ठेवला, की बेरीज होत नाही. २३० गुणिले १.४१, पुन्हा ३२५ च. एकच डबा अमेरिकेत आणि आपल्याकडे चालावा म्हणून केलेली ही हुशारी. खटका ११५ वर आणि भिंतीत २३० अशी गाठ पडली, की प्रत्येक कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट येतात. त्याच्या अंगावर छापलेले असतात २००. माझा मदरबोर्ड वाचला, कारण ट्रान्सफॉर्मरच्या दोन बाजू एकमेकींना तारेने जोडलेल्या नसतात. स्फोट अलीकडच्या काठावर झाला, पलीकडचे गाव शाबूत राहिले.

दुसरा डबा घेताना मी टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका काकांना सोबत नेले. त्यांनी लेबल वाचलेच नाही. दोन्ही हातांत दोन डबे धरून तोलले आणि जड होता तो माझ्याकडे दिला. तेव्हा हसू आले होते. नंतर स्वस्त डबे उघडून पाहिल्यावर त्या तोलण्यातले शहाणपण कळले. उष्णता ओढणारे ॲल्युमिनियम पातळ, ट्रान्सफॉर्मर बारका, कपॅसिटर लहान. येणारी वीज गाळायच्या कॉइलची जागा बोर्डावर आखलेली, पण तिथे कॉइलऐवजी तारेचा साधा तुकडा टाचलेला. जे जे काढून टाकले होते ते सगळे वजनदारच होते.

कपॅसिटर लहान असण्याचा फटका आपल्याकडे भारनियमनाच्या वर्षांत बसला. एटीएक्सच्या मानकाप्रमाणे वीज गेल्यावरही डब्याने पूर्ण भारावर सुमारे १६ मिलिसेकंद तग धरायला हवा. बॅटरीवर जायला स्वस्त यूपीएसला त्याहून कमी वेळ लागतो, म्हणून हिशेब जुळतो. डबा मध्येच मान टाकत असेल, तर यूपीएस असूनही संगणक रीस्टार्ट होतो. अशा वेळी लोक यूपीएसवाल्याशी भांडत. जुन्या वाड्यांतून कॅबिनेटला हात लावला की येणाऱ्या झिणझिण्यांचेही असेच. डब्यातले गाळणीचे दोन छोटे कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. तिसऱ्या पिनेला अर्थिंग नसेल, तर पत्रा २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास लोंबकळत राहतो. प्रवाह अगदी थोडा असतो, पण बोटांना जाणवतो. इथे डबा निर्दोष होता आणि घराची वायरिंग अपुरी. दोष मात्र 'करंट मारणाऱ्या' कॉम्प्युटरवर जायचा. स्वस्त डब्यात हे कपॅसिटरच गाळलेले असत, झिणझिण्या येत नसत आणि माणसे त्यालाच चांगला म्हणत.

इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्सची रचना मांडली. एकच वीस तारांचा तुकडा आला आणि तो उलटा बसतच नसे. पुढच्या बटणावरचे २३० व्होल्ट गेले. २००० च्या अखेरीस पेंटियम-४ आला आणि प्रोसेसरची भूक ५ व्होल्टच्या तारेवरून १२ व्होल्टच्या तारेवर सरकली. त्यासाठी चार तारांची वेगळी जोडणी आली. आपल्या बाजारात त्याच जुन्या डब्यांना ती जोडणी लावून 'पी-फोर एसएमपीएस' म्हणून विकले गेले. लेबलावर ठळक ४५० वॉट आणि खाली बारीक अक्षरांत १२ व्होल्टच्या तारेपुढे १० अँपियर. १० गुणिले १२, म्हणजे १२० वॉट. प्रोसेसर, हार्ड डिस्क आणि पंखे जगणार ते या १२० वर. उरलेले आकडे ज्या तारांचे, त्यांना आता फारसे कामच नव्हते. लेबल खोटे आहे असेही सिद्ध करता येत नसे. २००४ मध्ये अमेरिकेत '८० प्लस' ही तपासणी सुरू झाली, तेव्हा कुठे डब्याच्या गुणाला एक मोजलेला आकडा मिळाला. तोही कार्यक्षमतेपुरताच.

लाल खटका गेला तो युरोपामुळे. २००१ पासून तिथे उपकरणांनी विजेची लाट बिघडवू नये असा नियम लागू झाला. तो पाळण्यासाठी डब्यांत जी मंडले आली, त्यांतली चांगली मंडले १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही चालवून घेतात. त्यामुळे खटक्याची गरजच संपली. आपल्याकडच्या स्वस्त डब्यांवर तो पुढे कितीतरी वर्षे टिकून होता.

ॲपल-१ सुमारे दोनशेच बनले. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये मिशिगनमधल्या हेन्री फोर्ड संग्रहालयाने त्यांतला एक ९ लाख ५ हजार डॉलरला घेतला. अशा यंत्रांना आज पुन्हा वीज देताना जाणकार फार जपतात. ते निळे कपॅसिटर कित्येक दिवस व्होल्टेज थोडे थोडे वाढवत जागे करावे लागतात. बोर्ड सगळे एकाच नमुन्याचे, पण त्यांच्यासोबत आलेले ट्रान्सफॉर्मर वेगवेगळे असतात. कोणी पुस्तिकेत सांगितलेला स्टॅन्कॉर घेतला, कोणी जवळच्या दुकानात मिळाला तो. काही लाकडी पेटीत स्क्रूने घट्ट बसवलेले असतात, काही नुसते फळकुटावर.